वाचकांचे प्रश्न : साडीचा पन्हा, बांगडीचं माप आणि ‘आलो’ की ‘आले’

या अंकात ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्यापेक्षा वेगळं लिंग आपलं मानणाऱ्या) आणि क्रॉसड्रेसर (एरवी पुरुष म्हणून जगून मधूनमधून बायकांचे कपडे घालणाऱ्या) वाचकांच्या पत्रांना उत्तरं दिली आहेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही, फक्त ठिकाण ठेवलं आहे. लांबलेली पत्रं कापली आहेत. दोन पत्रांत ‘माझं शरीरच चुकीच्या मापाचं आहे’ असं वाक्य होतं, ते मुद्दाम कापलं. चुकलेलं असतं ते बहुधा टेपने घेतलेलं माप, किंवा न घेतलेलं.

उंची पाच फूट दहा इंच, छाती ४२. ऑनलाइन मागवलेल्या साड्या घोट्याच्या वर राहतात आणि तयार ब्लाउजमध्ये हात वर होत नाही. कमरेखाली सगळं सपाट दिसतं. आजवर घरातच नेसलो, आता मित्रमंडळींच्या एका कार्यक्रमाला नेसून जायचंय. (घोडबंदर रोड)

साडी घेताना लांबी सगळे बघतात, ५.५ मीटर आणि वर ८० सेंटिमीटरचं ब्लाउजपीस. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कुणी विचारत नाही, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय. हिशोब करून बघा. तुमच्या उंचीला बेंबीपासून जमिनीपर्यंत साधारण ४२ इंच भरतात. चपलेची टाच दीड-दोन इंच, खोचायला दोन-तीन इंच. म्हणजे ४६-४७ इंच पन्हा हवा. बाजारात ४४ पासून ४८ पर्यंत सगळे पन्हे मिळतात, पण ऑनलाइन तो आकडा बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा राम मारुती रोडला दुकानात जा, खिशात टेप ठेवा आणि ‘मोठ्या पन्ह्याची दाखवा’ एवढंच म्हणा. साडी कुणासाठी हे विचारणारा दुकानदार क्वचितच भेटतो. विचारलंच तर ‘उंच आहेत’ हे उत्तर खोटं नाही.

घरात असलेल्या आखूड साड्या फेकू नका. कमरेला खोचला जातो त्या काठाला, आणि जेवढी लांबी खोचली जाते तेवढ्यालाच, चार इंच रुंदीची साध्या सुती कापडाची पट्टी जोडून घ्या. फॉल-पिको करणारे हे काम करतात. पट्टी परकराच्या आत जाते, बाहेर दिसत नाही. परकर दोन इंच खाली बांधणं हा दुसरा उपाय, पण पुरुषी बांध्याला कमरेखाली आधार कमी, नाडी घसरते. बांधायचाच तर कमरेच्या हाडावर बांधा आणि नाडी गोल न घेता चपटी, इंचभर रुंदीची घ्या. बारीक नाडी दोन तासांत कातडीत रुतते.

निऱ्यांची एक गंमत आहे. शिकवताना सांगतात की वीतभर घ्या. मोठ्या हाताची वीत नऊ इंच, त्यामुळे तीनच निऱ्या पडतात आणि पुढे फळी लावल्यासारखी दिसते. वीत विसरा. चार बोटांभोवती गुंडाळून चार-पाच इंची निरी घ्या, सहा-सात पडल्या पाहिजेत. सगळ्या मिळून एक पिन आतून, परकरासकट.

सपाटपणावर पहिला इलाज कापडाचा. जॉर्जेट आणि शिफॉन अंगाला चिकटतात, जे आहे ते आणि जे नाही तेही दाखवतात. खळ दिलेली सुती, नारायणपेठ, इरकल या जरा फुगून राहतात, त्यामुळे पॅडिंगशिवायही निभावतं. पॅड वापरायचेच तर गादीवाल्याकडचा इंचभर जाडीचा फोम घ्या, दोन्ही बाजूंना पानाच्या आकारात कापा आणि कडा कात्रीने उतरत्या करत अगदी पातळ करा. कड जाड राहिली की साडीतून पायरी दिसते. पॅड घट्ट सायकलिंग शॉर्टच्या आत, मांडीच्या सर्वांत रुंद जागी बसवायचे. नवखे लोक ते कमरेलगत लावतात आणि मग खिशात पोळ्या भरल्यासारखं दिसतं.

ब्लाउज शिवूनच घ्या. तुमच्या मापाला कोपरापर्यंत बाह्या हव्या असतील तर ८० सेंटिमीटरचा तुकडा पुरत नाही. जुळणाऱ्या रंगाचं टू बाय टू (ब्लाउजचं सुटं कापड) सव्वा मीटर आणा. टेलरला तीन गोष्टी सांगा: मुंढा (बाही जोडतात तो घेर) मोठा, पाठ रुंद, आत शिलाईत दीड इंच मार्जिन. हात वर न होण्याचं कारण मुंढा असतो, छाती नव्हे. छातीचं माप वाढवून घेतलं तर ब्लाउज पुढे लोंबतो आणि हात तरीही अडतोच. बोट नेक आणि फुग्याच्या बाह्या खांदे आणखी रुंद दाखवतात. ‘व्ही’ गळा घ्या, पदराच्या चुण्या अरुंद करून मानेच्या जवळ पिन करा.

माप द्यायला जाताना आत तीच ब्रा आणि तेच भरण घालून जा. ब्रासाठी छातीच्या खाली, श्वास सोडून, टेप लावा. ३७ आलं तर ३८ घ्यायची, आणि कप ‘बी’च्या पुढे नको, रुंद छातीवर छोटा कपही पुरेसा दिसतो. ब्रात घालायचे सिलिकॉनचे तयार फॉर्म परवडत नसतील तर दुहेरी नायलॉनच्या मोज्यात प्रत्येकी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम बाजरी भरा. भरण्याआधी बाजरी कोरडी भाजून गार करा, नाहीतर पावसाळ्यात किडे होतात. तांदूळ घामाने ओलसर होऊन वास मारतो. मोहरी निसटती असते, मोजा उसवला तर कार्यक्रमातच सडा पडेल.

काचेच्या बांगड्या चढत नाहीत, चढल्या तर फुटतात. दुकानात हात पुढे करायची लाज वाटते. (कोपरी)

हात पुढे करू नका, आकडा सांगा. अंगठा तळहातात दुमडून बोटांच्या गाठींवरून, हात सर्वांत रुंद आहे तिथे, दोरा गुंडाळा. दोऱ्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ३.१४ ने भागा. आलेला आकडा म्हणजे बांगडीचा आतला व्यास. २१० मिलिमीटर भरले तर ६७, म्हणजे २.१०. २२० भरले तर ७०, म्हणजे २.१२. हा दशांश नाही, इंच आणि इंचाचा सोळावा भाग आहे. म्हणून २.८ ला जुने कासार अडीच म्हणतात आणि २.१२ ला पावणेतीन. २.१० हा २.८ पेक्षा मोठा असतो, हे ठाऊक नसल्यानेच ऑनलाइन खरेदी फसते.

चढवताना हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला, पिशवीवरून बांगडी सरकवा, मग पिशवी ओढून काढा. साबणापेक्षा हे बरं. उन्हाळ्यात दुपारी हात सुजलेला असतो, सकाळी भरा. गावदेवीच्या बाजारात २.१० पर्यंत काच मिळून जाते; पुढच्या मापाला काच शोधत बसण्यापेक्षा खटक्याचे, उघडणारे कडे घ्या.

याच पत्रात नथ आणि चप्पल विचारली आहे. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ, तीही हलकी. वजनदार नथ तासाभरात नाक लाल करते. पायाला ९ नंबर लागत असेल तर बायकांच्या दुकानात फिरू नका. कोल्हापुरी घ्या. पुरुषांच्या मापातली, थोडी अरुंद पट्ट्यांची कोल्हापुरी साडीखाली कुणालाही खटकत नाही.

दाढी कितीही गुळगुळीत केली तरी मेकअपनंतर हनुवटी राखाडी दिसते. घरात दिव्याखाली बरी वाटते, उन्हात भयाण. फाउंडेशनचे थर वाढवून पाहिले. (वाशी)

थर वाढवणं हीच चूक. कापलेल्या काळ्या केसांची टोकं कातडीखालून निळसर-हिरवट दिसतात. त्यावर त्वचेच्या रंगाचं फाउंडेशन पडलं की दोन्ही मिसळून राख होते. निळ्याला मारतो नारिंगी. तो आधी, फाउंडेशन नंतर.

क्रम असा. दाढीआधी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजू द्या. नवं ब्लेड, पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा आडवा. गळ्यावर उलटा हात नको, तिथले केस आत वळून उगवतात आणि दोन दिवसांत पुटकुळ्या येतात. तुरटी फिरवत असाल तर पाच मिनिटांनी धुवून टाका. तिचा कोरडा थर राहिला तर वरचं क्रीम साल निघाल्यासारखं सुटतं. मग वीस मिनिटं चेहऱ्याला काही लावायचं नाही. त्यानंतर मॉइश्चरायझरचा पातळ हात, तेलकट नको, आणि तो मुरायला पाच मिनिटं.

आता नारिंगी करेक्टर, नसेल तर मॅट नारिंगी लिपस्टिक. गव्हाळ रंगाला नारिंगी, सावळ्या रंगाला लालसर नारिंगी, गोऱ्याला फिकट पीच. मुगाच्या तीन-चार दाण्यांएवढाच घ्या, फक्त निळसर भागावर बोटाने थापा. घासलात तर तो गालभर पसरतो आणि कावीळ झाल्यासारखं दिसतं. वर सैल पावडर पफने दाबून दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं सगळे वाचवतात, आणि मग फाउंडेशनबरोबर नारिंगी उठून वर येतो. फाउंडेशन ओल्या स्पंजने, थापत, दोन पातळ थर. शेवटी पुन्हा पावडर.

फाउंडेशनची छटा जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघा. एक छटा उजळ घ्यायची हौस महाराष्ट्रात बायकांना आहे तशी आपल्यालाही आहे, आणि उजळ छटा दाढीच्या भागावर हमखास राखाडी दिसते. वाशीची मे महिन्यातली हवा लक्षात घेऊन, मेकअपआधी रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं चेहऱ्यावर फिरवा. घाम आला तर पुसायचा नाही, टिश्यू टेकवून टिपायचा.

कायमचा उपाय विचारलाय. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते दहा वेळा जावं लागतं, आणि शरीरातल्या पुरुषी हार्मोन्समुळे दाढी येतच राहते म्हणून पुढेही अधूनमधून. आधी महिनाभर थ्रेडिंग, व्हॅक्स, उपटणं बंद. लेझर मुळाला धरतं, मूळच नसेल तर पैसे वाया. दाढी केलेली चालते. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेक मूळ विजेने मारणं. जबड्याच्या एका कोपऱ्यावर चाचणी घेतल्याशिवाय पूर्ण चेहरा करू देऊ नका.

ट्रान्स पुरुष, महापेला नोकरी. सकाळी आठला कळव्याहून निघतो, रात्री आठला घरी. छाती सपाट करणारा घट्ट बाइंडर बारा तास अंगात. पाठीत कळ येते, छातीखाली नायटा झालाय, मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने आधी बरा झाला, मग पसरला. (कळवा)

बाइंडरची मर्यादा आठ तास, आणि त्यात प्रवासही धरायचा. तुमच्याकडे चार तास जास्त आहेत, ते कुठून तरी काढावे लागतील. सोपा मार्ग: घरून सैल स्पोर्ट्स ब्रा, वर गडद बनियन आणि सैल शर्ट; कंपनीत पोचल्यावर बाइंडर; परत निघताना काढून पिशवीत. लोकलच्या गर्दीत बाहेरून दाब पडत असताना आतूनही दाब असणं बरगड्यांना वाईट. सोबत बॅग पुढे, छातीवर अडकवा. ती गर्दीत सगळेच अडकवतात. घरी आल्यावर दोन-तीनदा खोल श्वास घेऊन जोरात खोका, फुप्फुसात साचलेला कफ सुटतो. झोपताना कधीच नको, व्यायामातही नको. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाइंडर घालूच नका.

माप छातीच्या सर्वांत फुगीर जागी घ्या आणि तक्त्यात येईल तेच घ्या. ‘एक नंबर लहान घेतला तर जास्त सपाट’ हा हिशोब पाठीत कळ आणतो. क्रेप बँडेज तर नकोच. ते प्रत्येक श्वासाबरोबर आवळत जातं, सैल होत नाही. बरगडीला इजा होते.

नायट्याचं कारण क्रीममध्येच असण्याची दाट शक्यता आहे. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र फोफावते. ते मलम बंद करून त्वचारोग तज्ज्ञाला दाखवा आणि मलमाची ट्यूब सोबत न्या. बाइंडर दोन हवेत, एक अंगात, एक दोरीवर. आत पातळ सुती गंजी घाला. जुलै-ऑगस्टमध्ये काहीच वाळत नाही, तेव्हा रात्रभर पंख्याखाली ठेवा. दमट बाइंडर चढवणं म्हणजे बुरशीला डबा पोचवणं.

बाइंडरऐवजी चिकटवायच्या टेपबद्दल: खेळाडू वापरतात ती लवचिक टेप, प्रत्येक बाजूला वेगळी, मधून काखेकडे. छातीभोवती गोल कधीच नाही. बोंडांवर कापसाचा तुकडा. आधी हातावर २४ तास लावून बघा. काढताना खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं थांबा. पाकिटावर पाच दिवस लिहिलेलं असलं तरी आपल्या हवेत दोन पुरे.

पँट किंवा लेगिंगखाली सपाट दिसावं म्हणून चिकटपट्टी लावते. काढताना कातडं सोलवटून निघतं. (दिवा)

चिकटपट्टी बंद. दोन घट्ट निकर एकावर एक, किंवा त्यासाठीच शिवलेली निकर पुरते. तीन-चार तासांनी मोकळं व्हा आणि लघवी दाबून ठेवू नका. एका बाजूला अचानक तीव्र वेदना, सूज, उलटी असं झालं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. लाजून घरी बसायचं नाही. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो.

धाकटा भाऊ आता बहीण आहे. मला ते मान्य आहे, पण तोंडातून ‘आलास का, जेवलास का’ निघतंच. ती काही बोलत नाही, चेहरा उतरतो. तिलाही ऑफिसात अजून सांगायचं नाही, तिथे ‘मी आलो’ म्हणवत नाही आणि ‘आले’ म्हणता येत नाही. माझी चार वर्षांची मुलगी तिला मामा म्हणते. (नौपाडा)

इंग्रजीत ‘आय केम’ म्हणून सुटता येतं. मराठीत क्रियापदच चुगली करतं. पण याच मराठीत पळवाटाही आहेत, आणि त्या अगदी घरगुती आहेत.

तिच्या ऑफिससाठी आधी. भविष्यकाळ निर्धोक: ‘मी येईन’, ‘मी निघणार आहे’. ज्या क्रियापदाला कर्म आहे त्याचा भूतकाळ बहुधा कर्माप्रमाणे चालतो, बोलणाऱ्याप्रमाणे नाही: ‘मी फोन केला’, ‘मी फाइल पाठवली’, ‘मी डबा खाल्ला’. ‘मला’ आणि ‘माझं’ने सुरू होणारी वाक्यं सगळी मोकळी. ‘कंटाळलो’ऐवजी ‘मला कंटाळा आला’. ‘जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’. ‘विसरलो’ऐवजी ‘माझ्या लक्षात राहिलं नाही’. ‘म्हणालो’ऐवजी ‘मी म्हटलं’. अडचण येते ती रोजच्या वर्तमानकाळात, ‘राहतो’, ‘करतो’, ‘जातो’. तिथे वाक्यच फिरवायचं: ‘माझं घर नौपाड्यात आहे’, ‘मी अकाउंट्सला आहे’. आठवडाभर घरी मोठ्याने बोलून सराव केला की अडखळणं कमी होतं. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही, हेही तिला सांगा.

तुमच्यासाठी: ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांतून सुटायला ‘जेवण झालं का?’, ‘चहा घेणार?’, ‘पोचल्यावर फोन कर’. मात्र ही वाट तुम्ही फार वापरू नका. तिला ऑफिसात लपायचं आहे, घरात नाही. घरात ‘आलीस का’ हेच ऐकायचं आहे तिला. चुकलात तर त्याच वाक्यात सुधारा, ‘आलास, आलीस का गं’, आणि पुढे जा. पाच मिनिटं माफी मागत बसलात की समजूत काढायचं काम तिच्यावर येतं. वडीलधाऱ्यांना क्रियापद जमत नसेल तर निदान नवीन नाव घ्यायला सांगा, नावामागून बाकीचं येतं.

मुलीला एकदाच, गोष्ट न करता सांगा: ‘ही मावशी.’ चार वर्षांच्या मुलांना मामाची मावशी होण्यात काही विशेष वाटत नाही. शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेवढं बहिणीला विचारून ठरवा.

आवाज बदलू पाहणाऱ्या ट्रान्स स्त्रियांसाठी तळटीप: पुरुषांचा बोलण्याचा सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झ, बायकांचा १८० ते २२०. पण नुसता सूर चढवला तर कार्टून होतं. १६०-१७० पर्यंत आणा आणि घुमारा छातीतून काढून तोंडाच्या पुढच्या भागात ठेवायचा सराव करा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, घसा दुखला की थांबायचं.

वय २३. मैत्रिणीने सांगितलं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या रोज दोन घेते. चार महिने झाले, छातीत गाठ आल्यासारखं वाटतं, दाढी तशीच. सिगरेट ओढते. (ऐरोली)

गोळ्या आज थांबवा आणि हार्मोनतज्ज्ञाची वेळ घ्या. गर्भनिरोधक गोळ्यांत बहुतेक वेळा एथिनिल इस्ट्राडिओल असतं. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, दुप्पट गोळ्यांनी आणखी, सिगरेटने त्याहून. म्हणूनच ट्रान्स स्त्रियांच्या उपचारात ते वापरत नाहीत, साधं इस्ट्राडिओल गोळी, जेल किंवा पॅच स्वरूपात देतात. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंट नाही, थेट कॅज्युअल्टी. तिथे गोळ्यांचं नाव आणि किती घेतल्या ते खरं सांगा.

छातीतली गाठ ही बहुधा स्तनांच्या वाढीची सुरुवात असते, तीन ते सहा महिन्यांत येते, पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं लागतात. गोळ्या वाढवून ती लवकर होत नाही. दाढी आणि आवाज हार्मोन्सने जात नाहीत, त्यासाठी वरची दोन उत्तरं वाचा. सुरुवातीला डॉक्टर यकृत, किडनी, पोटॅशियम, कोलेस्टेरॉल, साखर, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओल तपासतात, पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी पुन्हा. टेस्टोस्टेरॉन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर शहाळ्याचं पाणी रोज पिऊ नका; त्या औषधाने पोटॅशियम वाढतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. पुढे मूल हवं असण्याची थोडीही शक्यता वाटत असेल तर शुक्राणू साठवायचे ते उपचाराआधी.

साडीत असताना ठाणे-वाशी लोकलने लेडीज डब्यातून जावं का? मी एरवी पुरुष म्हणूनच जगतो. (तुर्भे)

नको. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६२ मध्ये पुरुषाला बायकांच्या डब्यात शिरल्याबद्दल दंड आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथल्या बायकांना धास्ती वाटेल. दुपारच्या वेळी जनरल किंवा फर्स्ट क्लास, नाहीतर कॅब. ट्रान्स स्त्रीचा प्रश्न वेगळा. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. साडी नेसून फिरणं हा गुन्हा नाही. हटकलं तर नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, वाद घालू नका.

ॲपवर ओळख झालेल्या एकाने माझे साडीतले फोटो घरी पाठवण्याची धमकी दिली. पाच हजार दिले, आता पंधरा मागतोय. (घणसोली)

आणखी एक रुपया देऊ नका. पाच दिल्यामुळेच पंधरा मागितले. चॅट, नंबर, यूपीआय आयडी, तारखेसह सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या फोनवर ठेवा, मग ब्लॉक करा. उलट क्रमाने केलं की पुरावा जातो. पैसे गेलेत, म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हा खंडणीचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. हद्द आमची नाही म्हणाले तर झीरो एफआयआर मागा. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत, तेव्हा ‘तूच आत जाशील’ या धमकीत दम नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. रात्री फार घालमेल होत असेल तर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

खारघरला राहते. ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्रासाठी ठाण्याला कोर्ट नाक्यावर दोन खेपा झाल्या. (खारघर)

जिल्हाच चुकला. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे रायगडमध्ये, जिल्हाधिकारी अलिबागला. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हींकडे नवी मुंबईचंच, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन करतात, तिथे जिल्हा रायगड निवडा. २०२० च्या नियमांत त्या जिल्ह्यात सलग वर्षभर राहिल्याची अट आहे, भाडेकरार त्याप्रमाणे जोडा. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचे तेव्हाचे नियम आणि नमुने वाचून घ्या.

कांदेपोहे सुरू आहेत. मुलीला क्रॉसड्रेसिंगबद्दल लग्नाआधी सांगू की नंतर? मी सगळे कपडे टाकून देणार आहे. (नेरूळ)

आधी. साखरपुड्याच्याही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, समोरासमोर; व्हॉट्सॲपवर नाही, लिहिलेलं फिरतं. फोटो दाखवू नका, शब्द पुरेत. ती तीन गोष्टी विचारेल: तुला पुरुष आवडतात का, तुला बाई व्हायचंय का, आणखी कुणाला माहीत आहे. ही उत्तरं आधी स्वतःला द्या. क्रॉसड्रेसिंगवरून पहिल्या दोन्हींचं उत्तर ठरत नाही, पण तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर हे लग्न करू नका. ‘लग्नानंतर सोडेन’ असं वचन देऊ नका. कपडे टाकायचे, सहा महिन्यांनी पुन्हा विकत घ्यायचे, हे चक्र जवळजवळ प्रत्येकाने केलेलं असतं. टाकू नका, बॅगेत भरून ठेवा. ती नाही म्हणाली तर कारण न विचारता ‘हे आपल्यातच राहू दे’ एवढंच मागा.

रविवारी रात्रीचं काजळ आणि नेलपॉलिश सोमवारी ऑफिसात दिसतं. (माजिवडा)

काजळ साबणाने जात नाही. कापसाच्या काडीला खोबरेल लावून पापण्यांच्या मुळाशी फिरवा, अर्ध्या मिनिटाने सुक्या काडीने पुसा, दोनदा. नेलपॉलिश राहते ती नखाच्या कडेच्या खाचेत. टूथपिकला कापूस गुंडाळून रिमूव्हरमध्ये बुडवा आणि खाचेतून ओढा. गडद रंगाखाली पारदर्शक पॉलिशचा एक हात आधी लावला तर नख पिवळं पडत नाही. एवढं करूनही नखाला लाली राहिलीच, तर लिंबाची फोड घासून पाच मिनिटं ठेवा.